हीटर कोण बंद करतं?

माझ्या बाळंतपणाला आई मस्कतला आली आणि सव्वा महिना पुरा व्हायच्या आत परत गेली. का गेली असं कुणी विचारलं, की सासरी आणि माहेरी एकच उत्तर तयार असतं, तिला तिथली हवा मानवली नाही. हवा कसली डोंबलाची. जानेवारीत मस्कतला जी हवा असते तिच्यासाठी लोक तिकिटं काढून येतात. आई गेली ती आमच्या बाथरूममधल्या हीटरपायी. आणि खरं बोलायचं तर त्या हीटरचाही त्यात फारसा दोष नव्हता.

आम्ही तेव्हा वादी अदाईला राहत होतो, डोंगराला चिकटून असलेल्या एका जुन्या इमारतीत. नवरा एका मेंटेनन्स कंपनीत सुपरवायझर होता. लोकांच्या व्हिलामधले एसी, पंप, पाण्याचे हीटर असलं काही बंद पडलं की याचा फोन वाजायचा, आणि हा जाऊन ते चालू करून यायचा. कामात हुशार आहे, ते मी कधी नाकारलं नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना करणार नाही, तेवढी मुभा मी स्वतःला देते.

आई चिपळूणजवळच्या एका गावातून आली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती एकटीच असायची आणि सगळं नेटकं चालवायची. कुणाचं लग्न कोणत्या साली झालं, कुणाचं पोर पावसात जन्मलं की थंडीत, कुणाचं कर्ज कधी फिटलं, हे लोक तिला येऊन विचारायचे. तलाठ्यापेक्षा हिला जास्त ठाऊक, असं गावात म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. विमानात ती पहिल्यांदा बसली ती माझ्यासाठी. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि घाण्यावरचं खोबरेल. आल्या आल्या तिने बाथरूम बघितलं, तिथल्या गरम पाण्याचा नळ सोडला, पाण्याखाली हात धरला आणि म्हणाली, झकास आहे, आता काळजी नाही.

कारण तिचं सगळं बाळंतपण पाण्यावर चालायचं. सकाळी बाळाला तेल लावून मांडीवर न्हाऊ घालायचं, मग माझ्या अंगाला तेल, मग मी स्टुलावर बसायचं आणि तिने पाठीवर, कमरेवर कढत पाण्याचे तांबे ओतायचे. बादल्यांवर बादल्या. आत्ता पाठीवर पाणी पडलं नाही तर म्हातारपणी कंबर शाप देईल, असं ती ठणकावून सांगायची. मला ते आवडत होतं. टाके दुखत असायचे, रात्रभर झोप नसायची, आणि सकाळचा तेवढा अर्धा-पाऊण तास कुणीतरी माझं अंग आपलं समजून धुवायचं.

बारसं व्हायच्या आधीची गोष्ट. बाळाच्या अंगाला डाळीचं पीठ लावलेलं, आईने तांब्या ओतला आणि बाळ किंचाळलं. पाणी गारढोण झालं होतं. मस्कतला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंडीच्या दिवसांत पहाटे चांगलंच बोचरं असतं. आईने बाळाला तसंच पदरात गुंडाळलं, स्वयंपाकघरात धावली, गॅसवर पातेलं चढवलं. बाथरूमच्या दाराबाहेर हीटरचं बटण होतं आणि त्या बटणावर एक छोटा लाल दिवा. दिवा पेटलेला म्हणजे हीटर चालू. तो विझलेला होता.

संध्याकाळी नवरा आला. त्याने बघितलं, दिवा पेटलेला, पाणी तापत आलेलं. म्हणाला थर्मोस्टॅट लवकर कट होत असेल. शुक्रवारी त्याने बाथरूमच्या छतातली फळी काढली, शिडीवर चढला, हमरियाच्या बाजारातल्या दुकानातून थर्मोस्टॅट आणला आणि बदलला. दोनच दिवस गेले, पुन्हा तेच. मग पुढच्या सुट्टीला हीटर रिकामा केला. आतून खाऱ्या पाण्याचे पांढरे पापुद्रे निघाले, ते आईने बादलीतून नेऊन टाकले. पाणी तापवायचा रॉड बदलला. बोर्डातला ब्रेकरही बदलला. मी म्हटलं घरमालकाला सांगू या, त्याचा हीटर आहे, त्याचा माणूस पाठवेल. नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मालक इन्शाल्ला म्हणेल आणि महिना घालवेल, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण त्याने सांगितलं नाही, पण मला कळत होतं. सगळ्या मस्कतचे हीटर हा दुरुस्त करणार, आणि याच्या घरातला हीटर बघायला दुसरा माणूस येणार, म्हणजे शोभाच.

आणि मग तो शोध लागला. एका सकाळी त्याला कामावर जायला उशीर झाला होता, दारात बूट घालत होता, तेवढ्यात आईने बाळाची अंघोळ आटोपली, बाथरूममधून बाहेर आली आणि जाता जाता, बघितलंही नाही, बटण खाली-वर करतात तसं केलं. टक्. दिवा गेला.

आपल्याकडे हे कोण करत नाही? गीझर लावायचा, पाणी तापलं की बंद करायचा, आणि मगच नळाखाली बसायचं. शॉक लागतो म्हणून, बिल येतं म्हणून, फुटतो म्हणून. आतून कडी लावलेली असली तरी बाहेरून घरातलं कुणीतरी ओरडतंच, बंद केलास का गं. आमच्या घरी तर देवापुढचा दिवा एकवेळ राहील, पण बॉयलरचं बटण राहणार नाही. आई त्याला बॉयलर म्हणायची. मस्कतला मात्र थंडी सुरू झाली की हीटर चालू करतात आणि उन्हाळा आला की बंद करतात. मधे कुणी त्याला हात लावत नाही. विजेचं कुणाला पडलेलं नसतं. आईला हे सांगायला मी विसरले, नवरा विसरला, आणि तिचं बोट आयुष्यभराच्या सवयीने आपोआप तिथे जात राहिलं.

त्या दिवशी आम्ही हसलो. आईही हसली, तोंडावर पदर धरून. नवरा म्हणाला, आई, तुम्ही तर माझे दोन शुक्रवार खाल्लेत. ते ठीक होतं. पण त्याला तेवढ्यावर थांबता येईना. शुक्रवारी त्याचे गाववाले जेवायला यायचे, रत्नागिरी-गुहागरकडची मंडळी, कुणी एसीच्या कामावर, कुणी ड्रायव्हर. त्यांना त्याने हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. नवीन थर्मोस्टॅट, नवीन रॉड, नवीन ब्रेकर, आणि फॉल्ट कुठे? फॉल्ट सासूबाईंच्या बोटात. सगळे खो-खो हसले. आई आत पोळ्या लाटत होती. एवढ्याशा फ्लॅटमध्ये आतलं आणि बाहेरचं असं काही नसतंच. मी बघितलं, तिचं लाटणं थांबलं नाही, पण तोंड एवढंसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बटणावर चिकटपट्टी लावली. आरपार दिसणारी, खोकी बांधायची असते तसली. लहान मूल असलेल्या घरात प्लगवर लावतात तशी. मी म्हटलं हे काय चालवलंय. तो म्हणाला आठवण राहावी म्हणून, दुसरं काही नाही.

आईने त्यानंतर त्या बटणाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी खोलीतल्या खाटेवर असायची, तिथून बाथरूमचं दार आणि ते बटण सरळ दिसायचं, आणि बाळंतिणीला दुसरं काम काय असतं. तिने हात लावला असता तर मला दिसलं असतं. तरीही एका सकाळी, माझ्या पाठीवर तिसरी बादली चालू असताना, पाणी कोमट झालं आणि मग गार. मी ओल्या अंगावर साडी गुंडाळून बाहेर आले. दिवा विझलेला. चिकटपट्टी जशीच्या तशी.

नवऱ्याला फोन केला. तो कुठल्यातरी गच्चीवर होता. म्हणाला, आईंनी बंद केलं असेल. मी म्हटलं, पट्टी आहे तशी आहे. तर म्हणतो, पट्टीवरूनही दाबता येतं. मी म्हटलं, मी इथे बसलेय, मला दिसतंय, बटण चालूच आहे आणि दिवा नाही. तो म्हणाला, घरी आल्यावर चेक करतो. आणि घरी येईपर्यंत दिवा पुन्हा लागला होता. पाणी तापलेलं. त्याने टेस्टर लावला, मीटर लावलं, सगळं व्यवस्थित. मग शांतपणे हात धुतले आणि चहा मागितला.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. दर वेळी दिवा सकाळी जायचा, आमच्या अंघोळींच्या मधे, आणि तो येईपर्यंत परत आलेला असायचा. त्याची स्वतःची अंघोळ सगळ्यांच्या आधी, अंधारात, एका बादलीत. त्याला कधी गार पाणी लागलं नाही. मला एवढंच कळत होतं की काहीतरी मेलं आहे त्यात, जे याच्या समोर येत नाहीये. त्याला मात्र त्यातून वेगळंच कळलं. त्याने हिशोब असा मांडला की आई सवयीने बंद करते, मग ओरडा बसेल म्हणून तो यायच्या आत चालू करून ठेवते, आणि मी तिला पाठीशी घालते.

हे तो किती दिवस मनात धरून होता कोण जाणे. एक दिवस जेवताना बोलला. आवाज चढवला नाही, त्याला आवाज चढवायची सवयच नाही. भाताचा घास कालवत म्हणाला, "आई, बंद केलंत तर केलंत. माझं काही म्हणणं नाही. पण खोटं कशाला बोलायचं?"

आईचा हात ताटातच राहिला. ती म्हणाली, "जावईबापू, मी हात नाही लावला."

"मग कुणी लावला? हिने? की पोराने?"

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाळंतिणीच्या तोंडून तसं निघू नये असं आईच मला नंतर म्हणाली. त्याने ऐकून घेतलं, मग सांगितलं की मशीन खोटं बोलत नाही, फॉल्ट असता तर एकदा तरी माझ्यासमोर आला असता, वीस माणसांचे हीटर मी रोज बघतो. आणि तू आईचीच बाजू घेणार, हेही म्हणाला. ते त्याचं ठेवणीतलं वाक्य.

मला त्या दिवशी वाटलं होतं की आई भांडेल. गावात तिला कुणी खोटारडी म्हटलं असतं तर तिने अंगणात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचं काढलं असतं, सालासकट. पण जावयाच्या घरात ती गप्प बसली. आणि गप्प बसली तेही मी समजू शकले असते. पुढे जे सुरू झालं ते मला समजायला फार वेळ लागला. ती मला विचारायला लागली. दुपारी मी बाळाला पाजत असताना दारात येऊन उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "मी मघाशी त्या बाजूला गेले होते का गं?" मी म्हणायची, नाही, तू गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतीस. ती म्हणायची, हां, बरोबर. मग थोड्या वेळाने, "पण त्याआधी?" मी चिडायची. म्हणायची, आई, तू हात लावलेला नाहीस, मी बघतेय, संपलं. ती मान डोलवायची. बाथरूममध्ये जाताना दोन्ही हातात काहीतरी धरून जायला लागली, बादली आणि टॉवेल, तांब्या आणि तेलाची वाटी, म्हणजे बोट मोकळं राहू नये.

शेवटी तिने हीटरचं पाणीच सोडलं. पहाटे उठून गॅसवर मोठी पातेली चढवायची, दोन्ही हातांनी उचलून बाथरूमपर्यंत न्यायची. तिच्या मनगटाला वाफ लागली तेव्हा मी रडले. नवरा म्हणाला, एवढं करायची काय गरज आहे, हीटर चालू आहे की. आणि हीटर खरोखरच चालू होता, कारण आता तो कुणी वापरतच नव्हतं.

एके दिवशी आई म्हणाली, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ, घर बंद आहे, पाणी तुंबलं असेल, वाळवी लागेल. जानेवारीत कुठे पाणी तुंबतं? मी हातापाया पडले तिच्या. सव्वा महिना तरी कर म्हटलं. तिने बाळाला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "इथे माझा मेळ लागत नाही बाळा." नवऱ्याने तिकीट बदलून दिलं, त्याचे पैसे द्यायला लागले ते निमूट भरले. एअरपोर्टवर सोडलं, वाकून नमस्कार केला. रीतीत त्याचं कधी चुकत नाही.

ती गेल्यावर मी कढत पाणी सोडून दिलं. पाठीवर ओतणारं कुणी नव्हतं, आणि बाळाला लागून लागून किती लागतं. दिवा दिवसरात्र पेटलेला. आठवडा गेला, दुसरा गेला. एका संध्याकाळी नवरा बाथरूममधून बाहेर आला, बटणावरची चिकटपट्टी नखाने काढली, तिची गोळी करून कचऱ्यात टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ."

एवढंच. पण त्या एका शब्दाने मला जे वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याचा तिरस्कार वाटला. नवऱ्याबद्दल असं लिहू नये म्हणतात. वाटला तर वाटला.

मार्च लागायच्या सुमाराला सासूबाई आल्या. नातवाला बघायला. बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही, मनाने चांगल्या आहेत, अंघोळ मात्र त्यांना सावकाश आणि भरपूर लागते. बाळाला न्हाऊ घालायचंही त्यांनी हौसेने हाती घेतलं. आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या बाथरूममधून ओरडल्या, अगं पाणी गार आलं. शनिवार होता, नवरा घरीच होता, सोफ्यावर लोळत मॅच बघत होता. उठला. दिवा विझलेला बघितला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझे कान टवकारलेले होते.

त्याने विचारलं, "आई, तू बटण बंद केलंस का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, नाही रे, मी कशाला हात लावू.

झालं. एवढं ऐकलं आणि तो हत्यारांची पेटी आणायला गेला. पुन्हा विचारलं नाही, नक्की का म्हटलं नाही, सवयीने लावला असशील म्हटलं नाही. पाच मिनिटांत बटणाची प्लेट भिंतीतून बाहेर आली होती. आत वायर काळीठिक्कर पडलेली, बाजूचं प्लास्टिक वितळून ओघळलेलं, जळका वास घरभर. छतातलं सगळं त्याने बदललं होतं, फक्त बटण राहिलं होतं. बटणापर्यंत तो पोचला तेव्हा तिथे माझ्या आईचं बोट सापडलं, आणि त्याची शोधाशोध संपली.

वर मलाच समजावून सांगायला लागला, मोठ्या उत्साहाने, हातात ते जळकं बटण धरून. स्क्रू ढिला होता. एक-दोन बादल्या घेतल्या तर काही होत नाही, पण सलग पाणी घेतलं की हीटर बराच वेळ वीज ओढतो, वायर गरम होते आणि स्क्रूपासून सुटते. थंड झाली की परत टेकते. म्हणून संध्याकाळी सगळं ठीक दिसतं. चेक करणाऱ्याला सापडतच नाही बघ, असला फॉल्ट फार वाईट. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं आता थांबेल, आता याच्या लक्षात येईल. तो थांबला नाही. बूट घालून नवीन बटण आणायला गेला.

परत आल्यावर मी म्हटलं, "माझ्या आईला फोन लावा."

"कशाला?"

"सांगायला."

तेव्हा कुठे त्याला आठवलं. क्षणभर चेहरा पडला, नाही असं नाही. पण मग म्हणाला, की सारखं चालू-बंद, चालू-बंद करूनच तो स्क्रू ढिला झाला असणार. मी म्हटलं, बटण आपण राहायला यायच्या आधीपासून भिंतीत आहे, स्क्रू बोटाने दाबून ढिला होत नाही, एवढं मलाही कळतं. तो म्हणाला, अगं आता झालं ना काम, खलास. कशाला तेच उकरून काढतेस, त्यांच्या आता लक्षातही नसेल. सासूबाई टॉवेलने केस पुसत मधे उभ्या होत्या, काय झालं, काय झालं विचारत. खोलीत जाऊन दार लावलं आणि मीच फोन केला.

आईला सगळं सांगितलं. स्क्रू, वायर, जळलेलं बटण. तिला नीट कळावं म्हणून दोनदा सांगितलं. मग तिने विचारलं, "म्हणजे मी नव्हतं बंद केलं?"

मी म्हटलं, नाही आई. मी तेव्हाही तेच सांगत होते.

"एकदाही नाही?"

"पट्टी लावल्यानंतर एकदाही नाही."

मग ती जे बोलली ते असं बोलली की जणू कुणा दुसरीच्या तब्येतीचं सांगतेय. गावी गेल्यापासून ती डॉक्टरांकडे जात होती. चिपळूणच्या डॉक्टरांना तिने सांगितलं होतं की मला विसरायला होतंय, हाताने एक गोष्ट करते आणि केल्याचं ध्यानात राहत नाही, जावयाकडे असताना फार झालं. त्यांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या ती रोज घेत होती. मला सांगितलं नव्हतं, दूध आटेल म्हणून. मी फोनवर ओरडलेच. म्हटलं, फेकून दे त्या गोळ्या, तुला काही झालेलं नाही. ती म्हणाली हो, हो, बंद करते, तू जिवाला लावून घेऊ नकोस. आणि जावईबापूंना काही बोलू नकोस, त्यांना तरी काय ठाऊक.

त्याने तिला फोन केला नाही. मी किती दिवस वाट बघितली ते मी मोजलं नाही. आपण होऊन करेल तर बरं, म्हणून पुन्हा मागे लागलेही नाही.

मे महिन्यात सुट्टीवर आलो. आधी सासरी, मग दोन दिवस माहेरी. आईने गोळ्या सोडल्या होत्या, डॉक्टरांना तसं सांगूनही आली होती. बाळाला बघून हरखली, अंगणभर फिरवून आणलं, तो कोणत्या नक्षत्रावर जन्मला ते शेजारणीला न अडखळता सांगितलं. मला वाटलं चला, निभावलं. दुपारी तिने आमरसाचं जेवण केलं. नवरा तट्ट जेवून ओटीवर आडवा झाला, मोबाइल घेऊन. मी आईबरोबर मागचं आवरत होते. तिने दूध तापवलं, ते उतू जायच्या आत उतरवलं आणि गॅसचं बटण फिरवून बंद केलं. मग तिथेच उभी राहिली. खाली वाकली, शेगडीकडे बघितलं, बटणाला बोट लावून पाहिलं. पुन्हा वाकली.

मग पदराला हात पुसत ओटीच्या दारात गेली आणि म्हणाली, "जावईबापू, झोपलात का? जरा येऊन बघता, गॅस बंद झालाय ना?"

तो उठून आत आला, शेगडीवर एक नजर टाकली. बंद आहे आई, म्हणाला, आणि परत जाऊन आडवा झाला. आईचा जीव भांड्यात पडला, तोंडावरूनच कळत होतं. तिने दुधावर झाकण ठेवलं.

मी तिच्या शेजारीच उभी होते. बटण फिरवताना मी बघितलं होतं. मला तिने विचारलं नाही.